४ फुटी माशांच्या टँकमध्ये वाळू टाकायची आहे, कुठली घेऊ आणि किती?

कोरीवाला_पुणे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथलं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. थोडं लांबेल.

माझ्याकडे ६ वर्षांपासून २ फुटी टँक आहे. तळाला रंगीत खडे आणि त्याखाली ती जुनी अंडरग्रॅव्हल प्लेट (खड्यांखाली बसणारी भोकांची फिल्टर प्लेट). मागच्या वर्षी ६ ब्रॉन्झ कोरीडोरास (कोरी, तळाशी राहणारे छोटे मिशीवाले मासे) आणले, मुलीने सगळ्यांना नावं ठेवली. चारेक महिन्यांनी बघतो तर मिशा आखूड झालेल्या, मग तोंडाशी लाल पडायला लागलं, आणि एकेक करत ४ गेले. दोन उरलेत, त्यातल्या एकाला मिशाच नाहीत आता. खाली पडलेलं खाणं त्याला सापडत नाही, मी नळीने त्याच्या तोंडासमोर सोडतो. फार वाईट वाटतं बघून. कोरीला वाळूच पाहिजे हे मला नंतर कळलं.

म्हणून आता मोठा टँक करतोय, ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच. काच येत्या रविवारी कापायला द्यायची आहे. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. कोरींचा मोठा कळप, ४ एंजल मासे, आणि थोडी झाडं एवढाच विचार आहे.

प्रश्न असे की बिल्डिंग मटेरियलवाल्याकडची वाळू चालेल का, दुकानातली पाकिटातली वाळू एवढ्या मोठ्या टँकला फार महाग पडतेय. थर किती जाड ठेवायचा? आणि वाळूत गॅस होऊन मासे मरतात म्हणतात ते कितपत खरं? मेव्हणे म्हणाले की आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून दोन पोती आणून देतो, ती घेऊ का?

---

गोदाकाठ

दादा, आधी मिशांबद्दल. धारदार खड्यांनी मिशा झिजतात असं सगळे सांगतात आणि त्यात तथ्य आहे, पण माझ्या अनुभवात निम्मं कारण खड्यांच्या फटीत साठलेली घाण असते. खाणं, विष्ठा खाली जाऊन कुजतं, कोरी दिवसभर त्यातच तोंड घालून असतो, मग बॅक्टेरियाने मिशा सडतात. हे मुद्दाम सांगतेय कारण नुसती वाळू टाकली आणि साफसफाई तीच ठेवली तर वाळूवरही हेच होईल. उरलेल्या दोघांसाठी आजच खड्यांत सायफन (घाण ओढून काढायची नळी) फिरवा आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं पाणी बदला. पाणी स्वच्छ राहिलं आणि मिशी मुळापासून गेली नसेल तर परत वाढते, माझ्याकडे वाढलेली आहे.

दुसरं म्हणजे काच अजून कापली नाही ना? मग माप बदला. ४ बाय दीड बाय २ उंच याऐवजी ४ बाय २ बाय दीड उंच करा. पाणी तेवढंच, दोन्हीत १२ घनफूट म्हणजे ३४० लिटरच्या आसपास, पण कोरीला उंचीचा काय उपयोग, त्याला जमीन पाहिजे, आणि जमीन ६ चौरस फुटांची ८ होते. उंची कमी झाली की काचेवरचा दाब कमी, झाडांना लाइट खालपर्यंत मिळतो, आणि हात तळापर्यंत पोचतो. २ फूट उंच टँकमध्ये खांद्यापर्यंत बुडून झाड लावावं लागतं, मी ते ३ वर्षं केलंय. एंजलला दीड फूट पुरतं.

वाळू दीड इंच, जास्तीत जास्त दोन. तुमच्या नव्या मापाला दीड इंचाचा थर म्हणजे २८-२९ लिटर वाळू, वजनात ४५ किलोच्या आसपास. ५० किलोचं पोतं आणलं की काम झालं.

किनाऱ्यावरची वाळू अजिबात नको. शिंपल्यांचा चुरा असतो तिच्यात, तो हळूहळू विरघळून पाणी जड करत राहतो आणि पीएच वर जातो. कुठलीही वाळू घेताना मूठभर सुकी वाळू वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाका, बुडबुडे आले की ती वाळू नाही घ्यायची.

आणि ती अंडरग्रॅव्हल प्लेट नव्या टँकमध्ये टाकू नका हं. वाळू तिच्या भोकांतून खाली जाते आणि सगळं बंद पडतं.

---

भट्टीवाला_कोल्हापूर

वाळूचं मला विचारा, २२ वर्षं फौंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) काढलीत, रोज वाळूतच हात.

बिल्डिंग मटेरियलवाल्याकडे आता बहुतेक क्रश सँड मिळते, म्हणजे काळा दगड फोडून केलेली. तिचा कण चिमटीत घेऊन चोळून बघा, बोटाला टोचतो, आणि बारीक पूड इतकी असते की वीस पाणी धुतलं तरी गढूळ. कोरीसाठी ती नकोच. नदीची वाळू मिळाली तर गोल असते पण त्यात माती, शंख, काय काय येतं, चाळून धुऊन घ्यावी लागते, आणि ती कुठून उपसून आणलीय ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून मी स्वतः घेत नाही.

तुम्ही सिलिका वाळू घ्या, पण फिल्टरची. पाण्याच्या फिल्टर प्लांटमध्ये, स्विमिंग पूलच्या फिल्टरमध्ये भरतात ती. वॉटर ट्रीटमेंटचं सामान विकणाऱ्याकडे जाऊन १६/३० मेश मागा, म्हणजे कण साधारण अर्धा ते सव्वा मिलिमीटर. आपल्या सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यात कासार्ड्याला या सिलिकाच्या खाणी आहेत, त्यामुळे आपल्याकडे ती मिळायला अवघड नाही आणि पाकिटातल्या वाळूच्या मानाने खूप स्वस्त पडते. सिलिका पाण्यात काही सोडत नाही, पीएच हलत नाही.

फौंड्रीची वाळू ओळखीतून फुकट मिळते म्हणून कोणी आणायला जाईल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. साच्याची न वापरलेली वाळूसुद्धा फार बारीक असते, टँकमध्ये ती दाबून बसते आणि खाली हवा-पाणी फिरत नाही. आणि एकदा वापरलेली वाळू तर चुकूनही नको, त्यात बेंटोनाइट माती असते, कोळशाची पूड असते, काही ठिकाणी रेझिन असतं. आमच्या इथल्या एका पोराने तीच दोन बादल्या धुऊन टाकली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे वर तरंगत होते. धुऊन निघण्यातला प्रकार नाही तो.

अजून एक, आणि हे मी कळकळीने सांगतोय. पोतं फोडताना नाकाला मास्क बांधा, आणि पोत्यातच आधी पाणी मारून मग वाळू काढा. सिलिकाची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊन बसते, ती परत निघत नाही. आमच्या धंद्यात त्याने माणसं झिजलेली मी बघितलीत. एका दिवसाच्या धुण्याने तुम्हाला काही होईल असं नाही, पण घरात लहान मुलगी आहे, तिला त्या वेळी लांब ठेवा. एकदा ओली झाली की मग काही भीती नाही.

धुताना एका वेळी ५ किलोच घ्या बादलीत. पाइप तळापर्यंत घालायचा, हाताने ढवळत राहायचं, वरचं दुधाळ पाणी वाहू द्यायचं. दहा-पंधरा मिनिटं जातात एका बादलीला, कंटाळा येतो, पण इथे घाई केली की पुढे आठवडाभर टँक ताकासारखा दिसतो.

---

मोजपट्टी

स्ट्रक्चरचं काम करतो म्हणून वजनाचं सांगतो. पाणी ३१० धरा, वाळू ४५, काच ६०, स्टँड आणि दगड मिळून ६०-७०, म्हणजे ५०० किलोच्या घरात जाईल. राहत्या घराच्या स्लॅबला आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, पण तो सगळ्या खोलीवर धरलेला असतो, त्यामुळे आकडा बघून लगेच घाबरायचं कारण नाही. टँक बीमवरच्या भिंतीला लांबीने चिकटून ठेवा. खोलीच्या मध्यात नको, आणि गॅलरीच्या बाहेर आलेल्या स्लॅबवर तर मुळीच नको. बिल्डिंग जुनी असेल, स्लॅबला गळती किंवा सळई दिसत असेल तर आधी इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवा, इथल्या कोणाच्या शब्दावर जाऊ नका, माझ्याही.

स्टँडवर प्लाय, प्लायवर थर्माकोल, त्यावर टँक. आणि पाणी भरायच्या आधी स्पिरिट लेव्हल चारही बाजूंनी. भरल्यावर काही करता येत नाही.

---

कोरीवाला_पुणे

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. भट्टीवाला काकांचं मास्कचं वाचून अंगावर काटा आला, हे कुठल्याही व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं.

माप बदललं, ४ बाय २ बाय दीड, १० एमएम काच. काचवाला म्हणाला या उंचीला १० एमएम व्यवस्थित होईल, २ फूट उंचीला तो १२ एमएम लावणार होता, म्हणजे तिथेही पैसे वाचले. बीमच्या भिंतीला जागा आहे.

गॅसचं मात्र राहिलं. आणि दुकानदार म्हणतोय कोरीबरोबर ५-६ झेब्रा लोच मासे टाका, वाळूत छान राहतात, गोगलगायी पण खातात. टाकू का?

---

गोदाकाठ

गॅस खरा आहे, पण कसा होतो ते समजलं की भीती जाते. थर जाड असेल आणि वाळू बारीक, दाबून बसलेली असेल तर खालच्या भागात ऑक्सिजन पोचत नाही, तिथे वेगळे बॅक्टेरिया वाढतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. काचेतून काळे डाग दिसतात आणि ढवळलं की सडक्या अंड्याचा वास येतो. दीड इंच थर आणि काकांनी सांगितलेला कण असेल तर एवढं साठतच नाही. कोरी वरचा थर सतत उलटापालटा करतात, व्हॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोकोरिन ही झाडं लावलीत तर त्यांची मुळं खाली ऑक्सिजन नेतात, आणि ट्रम्पेट गोगलगायी दिवसा वाळूत शिरून ती पोकळ ठेवतात. मी महिन्यातून एकदा झाडांच्या मधल्या जागेत साधी काडी फिरवते. कधी जुना जाड थर काढायची वेळ आली तर मासे बाहेर काढून मगच हात घाला, बाकी काही नाही.

वाळूत झाडांना खायला काही नसतं, म्हणून मुळाशी खताच्या गोळ्या खोचाव्या लागतात. अनुबियास, जावा फर्न लाकडाला बांधा, त्यांचा कंद पुरला की सडतो. दगड ठेवणार असाल तर आधी तळाच्या काचेवर प्लॅस्टिकची जाळी टाकून त्यावर दगड बसवा, मग वाळू. वाळूवर ठेवलेला दगड खालून उकरला गेला की कलंडतो.

फिल्टरची पाणी ओढणारी नळी वाळूपासून ४-५ इंच वर, तोंडाला स्पंज. वाळू इम्पेलरमध्ये (फिल्टरच्या फिरत्या पंख्यात) गेली की करकर आवाज सुरू होतो आणि मोटर जाते. सायफन वाळूत खुपसायचा नाही, इंचभर वर धरून गोल फिरवायचा, घाण वरच असते ती उचलली जाते.

झेब्रा लोचचं भट्टीवाला काका सांगतील, त्यांच्याच भागातला मासा आहे.

---

भट्टीवाला_कोल्हापूर

नका टाकू ओ. झेब्रा लोच हा आपल्या सह्याद्रीतला मासा, जगात दुसरीकडे कुठे नाही, कृष्णा खोऱ्यातल्या ओढ्या-नद्यांत मिळतो. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो धोक्यात आलेल्यांमध्ये आहे. वाळूउपसा, कारखान्याचं पाणी, आणि शोभेच्या माशांच्या बाजारासाठी केलेली पकड, असा तिन्ही बाजूंनी मार बसतोय त्याला. दुकानातला मासा ओढ्यातून धरलेला की पैदास केलेला हे दुकानदाराला पण माहीत नसतं. लहानपणी आम्ही गुडघाभर पाण्यात दगड उचलून बघायचो, पट्टे चमकायचे खाली. आता त्याच ओढ्यात मला दिसत नाहीत. आणि तुम्ही गोगलगायी ठेवणार असाल तर लोच त्या खाऊन टाकेल, म्हणजे तसंही जुळत नाही.

कोरीच १० घ्या. भरपूर झाले.

---

लोडशेडिंग_लातूर

टँक सेट करताना जुना टँक लगेच मोडू नका, हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नवा फिल्टर घ्या आणि तो ३-४ आठवडे जुन्या टँकवरच चालवा किंवा जुन्या टँकमध्ये एखादा स्पंज फिल्टर लावून ठेवा आणि मग तो नव्यात हलवा, म्हणजे बॅक्टेरिया तयार मिळतात. नाहीतर शून्यापासून सायकल, म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो आणि तेवढ्यात अमोनियाने मासे जातात. टेस्ट किट घ्याच, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय मासे नको.

आणि लाइट जात असेल तर एअर पंप इन्व्हर्टरवर टाका. कॅनिस्टर (बाहेर ठेवायचा बंद डब्याचा) फिल्टर चार-पाच तास बंद राहिला तर आतलं पाणी सडतं, लाइट आल्यावर तसाच सुरू करू नका, उघडून आतलं पाणी फेका, मीडिया (आतला स्पंज वगैरे) टँकच्या पाण्यात खळबळून घ्या, मग लावा. नळाच्या पाण्याखाली नको, क्लोरीनने सगळे बॅक्टेरिया मरतात.

---

कोरीवाला_पुणे

७ आठवड्यांनी लिहितोय. सिलिका १६/३० मिळाली, ५० किलोचं पोतं, पार्किंगमध्ये बसून मास्क लावून धुतली, अख्खा रविवार गेला. वाळूवर ताट ठेवून त्यावर पाणी सोडलं, पहिल्याच दिवशी टँक स्वच्छ. जुन्या टँकमध्ये स्पंज फिल्टर महिनाभर चालवून मग हलवला, किट रोज बघत होतो, गेल्या आठवड्यात दोन्ही शून्य आलं.

मधे वाळूवर तपकिरी थर आला होता, मी घाबरून गोदाकाठताईंना मेसेज केला. त्यांनी सांगितलं नव्या टँकमध्ये डायटम (तपकिरी शेवाळ) येतात, आपोआप जातात. पुसता येतो तेवढा पुसला, आता जवळपास गेलाय.

काल संध्याकाळी आधी ते जुने दोघेच सोडले. पाच मिनिटं एका कोपऱ्यात थांबले, मग मिशा नसलेल्याने डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत घातलं आणि कल्ल्यांतून वाळू बाहेर सोडली. ६ वर्षांत हे मी कधी बघितलं नव्हतं. मुलगी काचेसमोरून जेवायला उठेना. आज खाणं टाकलं तर त्याने स्वतः शोधून खाल्लं, नळी लागली नाही. नवे ८ दोन आठवड्यांनी आणतोय, आधी जुन्या टँकमध्ये वेगळे ठेवून मग इकडे.