समुद्री टँकमधले नवीन मासे आणि पॅरासाईट : तुमचे अनुभव लिहा

समुद्री टँक सांभाळणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. नवीन मासा आणला, थोडे दिवस झकास फिरला, मग दगडाला अंग घासायला लागला, ठिपके आले, धापा टाकायला लागला आणि मग घरात "आता कोणतं औषध घालू" अशी धावाधाव, हे बहुतेकांच्या वाट्याला एकदा तरी आलंय. माहिती ढीगभर मिळते, मला हवंय ते तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत ते. मासा कोणता, लक्षणं काय दिसली, पॅरासाईट कोणता निघाला, औषध कोणतं आणि किती दिवस, वाचला का. मेला असेल तरी लिहा, उलट ते जास्त उपयोगाचं.

गोड्या पाण्यातल्या माशांचे अनुभव मात्र इथे नकोत, कारण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला दोन्हीकडे "इक" म्हणत असले तरी जीव वेगळे आहेत. तिकडची तापमान वाढवून ठेवायची युक्ती इकडे चालत नाही, पाणी गरम झालं की ऑक्सिजन कमी होतो आणि आधीच धापणारा मासा अजून धापतो एवढंच.

सुरुवात मीच करते. माझा होता पावडर ब्लू टँग, म्हणजे इकचं माहेरघरच. क्वारंटाईन टँकमध्ये, म्हणजे नवीन मासा वेगळा ठेवायच्या टाकीत, ठेवला होता, आधी पंखांवर आणि मग अंगभर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके. गंमत बघा, औषध घालायच्या आतच ठिपके गायब झाले आणि घरचे म्हणाले बघ आपोआप बरा झाला. तो बरा झालेला नसतो. क्रिप्टोकॅरियॉन, म्हणजेच समुद्रातला इक, माशाच्या कातडीत ३ ते ७ दिवस राहतो, पोट भरलं की सुटून खाली पडतो, काचेला नाहीतर वाळूला चिकटून सिस्ट (स्वतःभोवती कवच) करतो आणि एकेका सिस्टमधून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. त्या पिल्लांना एकदोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना, कातडीत बसलेल्याला किंवा सिस्टला नाही, म्हणून तर ३० दिवस चालू ठेवावं लागतं. मी चिलेटेड कॉपर वापरलं, २.५ पीपीएम, पण एकदम नाही, चारपाच दिवसांत थोडं थोडं वर नेलं कारण टँग खाणं सोडेल ही भीती होती. सी-वीड क्लिपला लावून ठेवलं, तेवढं खात राहिला. मोजायला डिजिटल चेकर. रंग जुळवायच्या किटवर २ आणि २.५ यातला फरक माझ्या डोळ्यांना तरी कळत नाही. आज तो डिस्प्लेमध्ये, म्हणजे मुख्य टँकमध्ये, आहे आणि सगळ्यांवर दादागिरी करतो.

*

ताई, चांगला विषय काढलात. तुमचा इक होता म्हणून चारपाच दिवस हळूहळू चढवायला मिळाले, मला ते मिळाले नाहीत. फ्लेम एंजल आणि दोन अँथियास एकत्र आणलेले. ठिपका एकही नाही. फक्त एंजल वेवमेकरच्या (पाणी हलवणाऱ्या पंपाच्या) झोतात तोंड घालून उभा राहायला लागला आणि लाईट लावला की मागे लपायचा, श्वास इतका जोरात की कल्ल्यांची उघडझाप मोजता येईना. मी म्हटलं नवीन आहे, घाबरलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी एक अँथियास गेलेला. मग खोलीत अंधार करून टॉर्च तिरका मारून बघितलं तर अंगावर सोनेरी झाक. व्हेल्व्हेट, म्हणजे अमायलोऊडिनियम. हा आधी कल्ल्यात घुसतो, कातडीवर दिसेपर्यंत मासा अर्धा गेलेला असतो, ठिपक्यांची वाट बघत बसलात तर संपलं.

गोड्या पाण्यात पाच मिनिटं डिप दिला, त्याने बरा होत नाही पण कल्ल्यांवरचं ओझं थोडं उतरतं, आणि लगेच दुसऱ्या टाकीत पूर्ण डोसचं कॉपर, लाईट बंद, एअर स्टोन फुल. व्हेल्व्हेटमध्ये कॉपर हळूहळू वाढवणं म्हणजे पॅरासाईटला मुदत देणं. दुसरा अँथियासपण गेला, एंजल वाचला. ड्वार्फ एंजलना कॉपर सोसत नाही असं बरेच जण सांगतात पण तिथे पर्यायच नव्हता, रोज मोजत राहिलो आणि त्याला सोसलं. आणखी एक, एअर स्टोनचे तुषार उडून व्हेल्व्हेट शेजारच्या टाकीत जाऊ शकतो, ३ मीटरपर्यंत गेल्याचं प्रयोगात दिसलंय, म्हणून आता माझी क्वारंटाईन टाकी दुसऱ्या खोलीत असते.

*

क्लाउनवाल्यांनो हे वाचा. समुद्रातून पकडलेली क्लाउनची जोडी होती, अंगावरून पांढरा चिकट पापुद्रा सुटत होता, जणू कातडी सोलतेय. इक समजून लोक कॉपर घालतात आणि मासा कॉपरमध्येच मरतो कारण हा ब्रूकलिनेला, वेगळाच पॅरासाईट, त्याला कॉपरने काही होत नाही. त्याला फॉर्मलिनचा बाथ. साधारण ४५ मिनिटं ते तासभर, वेगळ्या भांड्यात, एअर स्टोन जोरात कारण फॉर्मलिन पाण्यातला ऑक्सिजन खातं, आणि डोस बाटलीवर लिहिलाय तोच. मासा आडवा व्हायला लागला तर वेळ बघू नका, काढा बाहेर. बाथ झाला की मासा नव्या स्वच्छ टाकीत, जुन्या पाण्यात परत नाही. हातमोजे घाला, खिडक्या उघडा, फॉर्मलिन कॅन्सरकारक आहे, मुलं असलेल्या घरात तर बाटली कुलपात. दोघंही वाचली माझी, पण नर बरेच दिवस खात नव्हता.

*

मी औषधाविरुद्ध नाही पण रॅस जातीचे मासे पाळतो, आणि रॅसच्या बाबतीत कॉपर म्हटलं की माझा हात अडतो. म्हणून इकसाठी मी टँक ट्रान्सफर करतो. दोन प्लास्टिकचे डबे, प्रत्येकाला स्वतःचा हीटर, एअर स्टोन, पीव्हीसी पाईपचा तुकडा. दर ७२ तासांच्या आत मासा एका डब्यातून दुसऱ्यात, बरोबर पाणी कमीत कमी, आणि रिकामा झालेला डबा धुवून खडखडीत वाळवायचा. यामागचं गणित सोपं आहे, इक माशावरून पडल्यावर सिस्टमधून पिल्लं यायला किमान तीन दिवस लागतात, तोपर्यंत आपण मासा उचललेला असतो. असं चार वेळा केलं की अंगावरचे सगळे पडून गेलेले असतात आणि नवीन चढायला संधीच मिळत नाही. कॉपर नाही, मोजणं नाही, पाणी तीन दिवसांचंच असल्यामुळे अमोनिया पण फार चढत नाही. मधल्या दोन बदल्यांत प्राझिक्वांटेल (जंतांचं औषध) घालतो म्हणजे फ्लूकचंही (माशाला चिकटणाऱ्या बारीक चपट्या जंतांचंही) काम होतं. वाळूत झोपणाऱ्या रॅससाठी छोट्या डब्यात वाळू ठेवतो, ती वाळू पण दर वेळी नवीन, यात कंजूषी नको.

पण हे फक्त इकसाठी. व्हेल्व्हेटचं चक्र वेगळं आणि जलद, त्याला हे लागू नाही, आणि वरच्यांनी लिहिलंय तशी लक्षणं दिसली तर मी पण गपचूप कॉपरच काढेन.

*

एक विचारू का, लसणाचा रस खाण्यात मिसळला आणि क्लीनर श्रिंप सोडला तर इक जातो असं मला दोघातिघांनी सांगितलंय, कुणाचा अनुभव?

*

गेला नाही. श्रिंप सुंदर दिसतो आणि मासे त्याच्याकडे रांग लावतात हे खरं, पण इक कातडीच्या आत असतो, वर बसलेला नसतो, श्रिंप तो काढणार कसा. लसणाने नखरेल मासा कधी कधी खायला लागतो तेवढा फायदा.

*

फ्लूकबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. बटरफ्लायचा एक डोळा धुरकट झाला होता, डोकं झटकायचा, पाईपला अंग घासायचा, ठिपके नाहीत. मी आधी डोळ्याला मार लागलाय समजले. मग एकीने सुचवलं की गोड्या पाण्याचा डिप देऊन बघ. आरओचं पाणी, तापमान टाकीइतकंच, पीएच बेकिंग सोड्याने टाकीच्या जवळ आणलेला, रात्रभर एअर स्टोन लावून ठेवलेलं, आणि भांडं मुद्दाम काळं. कारण फ्लूक पारदर्शक असतात, माशावर असताना दिसतच नाहीत, गोड्या पाण्यात मेले की पांढरे पडून गळतात आणि काळ्या तळावर लगेच दिसतात. पाच मिनिटांत तळाला तिळाएवढे पांढरे कितीतरी! अंगावर काटा आला. म्हणजे डिप हे माझ्यासाठी औषधापेक्षा तपासणीच जास्त झाली.

नंतर प्राझिक्वांटेल, २.५ मिलिग्रॅम लिटरला. ते पाण्यात सहज विरघळत नाही, आधी कपभर पाण्यात चांगलं घोटून घ्या. आणि एका डोसवर थांबू नका, प्राझी अंड्यांना मारत नाही, म्हणून पाचसहा दिवसांनी पाणी बदलून दुसरा डोस, पहिल्या वेळच्या अंड्यांतून निघालेले फ्लूक पुन्हा अंडी घालायच्या आत. फिल्टरमधला कार्बन आणि यूव्ही दिवा बंद ठेवायचे. पाणी थोडं दुधट होतं, बॅक्टेरिया वाढतात, तेव्हा हवा भरपूर पाहिजे. डोळा निवळला.

*

हायपोसॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा मुद्दाम कमी ठेवणं, मी केलीय, कॉपर द्यायला धजावत नव्हतो म्हणून, पफर होता. सॅलिनिटी दोनतीन दिवसांत १.००९ वर (पाण्याची विशिष्ट घनता) आणली, शेवटचा ठिपका गेल्यावरही महिनाभर तिथेच ठेवली. मासा मजेत होता, भूक उलट वाढली. पण १.००९ म्हणजे १.००९ च, १.०१२ वर इक आरामात जगतो. काट्याचा हायड्रोमीटर यासाठी फेकून द्या, रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो पण कॅलिब्रेट करून. पीएच घसरतो, बफर लागतो. खाली नेताना घाई चालते, वर आणताना नाही, मी आठवड्याहून जास्त वेळ घेतला. श्रिंप, गोगलगाय, लाईव्ह रॉक (जिवंत जीव बसलेले दगड) यातलं काहीही त्या टाकीत नको, मरतात. व्हेल्व्हेटवर याचा उपयोग शून्य. आणि काही इक कमी खारट पाण्यालाही दाद देत नाहीत असं आढळलंय, म्हणजे खात्रीचा उपाय म्हणवत नाही.

*

सगळे औषधांवर बोलतायत म्हणून जरा तिरकं लिहितो. माझ्या पाहण्यात क्वारंटाईनमध्ये जितके मासे पॅरासाईटने गेले त्याहून जास्त अमोनियाने गेलेत. रिकामी टाकी, फिल्टर नवा, कॉपर घातलेलं, खाणं भरपूर टाकलेलं, आणि मासा धापतोय म्हणून माणूस डोस वाढवतो! आधी अमोनिया बघा हो. मी डिस्प्लेच्या सम्पमध्ये (फिल्टरच्या टाकीत) एक स्पंज कायम ठेवून देतो, त्यावर अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया बसतात, मासा आणायचा ठरला की तो उचलून क्वारंटाईनच्या फिल्टरमध्ये. आणि अमोनिया चढला म्हणून त्याला न्यूट्रल करणारं कंडिशनर कॉपरच्या पाण्यात ओतू नका, त्याने कॉपर माशासाठी जास्त विषारी होऊ शकतं. पाणी बदला, तेवढंच. बदलीच्या पाण्यात तेवढ्याच पीपीएमचं कॉपर आधी घालून ठेवा नाहीतर डोस खाली येतो आणि ३० दिवस पुन्हा पहिल्यापासून. टाकीत दगड आणि वाळू नको, ती कॉपर शोषून घेतात आणि मीटरवरचा आकडा रोज वेगळा येतो.

लांबून पिशवीत आलेल्या माशाबद्दल पण. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साईड निघून जातो, पीएच चढतो आणि आत साठलेला अमोनिया एकदम जहाल होतो. त्यात तासभर ड्रिप (टाकीचं पाणी पिशवीत थेंबथेंब सोडणं) लावून बसू नये. क्वारंटाईनची सॅलिनिटी पिशवीइतकीच करून ठेवायची, तापमान जुळलं की मासा उचलून टाकायचा.

*

मला हे सगळं थोडं जास्तच वाटतं, रागवू नका. माझ्या टँकमध्ये इक आहे, असणारच, हिपो टँगवर वर्षातून कधीतरी दोनचार ठिपके येतात आणि जातात. पाणी स्थिर, खाणं चांगलं, मारामारी नाही, यूव्ही चालू. माशांना थोडीफार प्रतिकारशक्ती येते. क्वारंटाईनच्या ताणानेच मासे मरताना मी पाहिलेत.

*

दादा, इकपुरतं तुमचं म्हणणं मी मान्य करतो, बऱ्याच मोठ्या टँकमध्ये असं वर्षानुवर्षं चालतं. पण तुमच्या पद्धतीत व्हेल्व्हेट एकदा शिरला तर प्रतिकारशक्ती तयार व्हायला माशांना वेळच मिळत नाही, चार दिवसांत टँक रिकामा. आणि नवीन आणलेल्या माशाला ती शक्ती नसतेच, तुमचे जुने मासे तग धरतात आणि नवा मरतो, मग आपण म्हणतो मासाच कच्चा होता.

माझ्याकडे डिस्प्लेमध्येच इक शिरला होता. कोरल असल्यामुळे तिथे कॉपर घालायचा प्रश्नच नाही, सगळे मासे बाहेर काढून टँक बिनमाशांचा ठेवला. ७६ दिवस पाळतात ते एका नोंदीवरून, त्यात काही सिस्टमधून पिल्लं यायला ७२ दिवस लागले होते. हल्ली पाणी २७ डिग्रीच्या वर ठेवून ४५ दिवसांतही काही जण उरकतात, मी लांबचा आकडा धरला. मासे पकडायलाच अर्धे दगड काढावे लागले, कोरल तुटले, बायकोने दोन दिवस हॉलमध्ये पाय ठेवला नाही. त्या काळात कोरल आणि श्रिंपला थोडं खाणं देत राहिलो. क्वारंटाईनची जाळी, हात, नळी यातलं ओलं काहीही डिस्प्लेला लागू द्यायचं नाही. नवीन गोगलगाय, कोरलचा प्लग (तुकडा बसवलेली चकती), हेही तसेच सोडायचे नाहीत, शंखावर सिस्ट चिकटून येऊ शकते, ती पण बिनमाशांच्या टाकीत तेवढेच दिवस. लोक मासे क्वारंटाईन करतात आणि कोरल थेट टाकतात, मग म्हणतात कुठून आला.

*

मँडरीन माशाचं काय करता? तो पॉडशिवाय (पाण्यातल्या बारीक जिवंत जीवांशिवाय) काही खात नाही, दगड-वाळू नसलेल्या टाकीत महिनाभर ठेवला तर उपाशी मरेल, आणि अंगावर ठिपके कधी दिसतच नाहीत त्याच्या.

*

ठिपके दिसत नाहीत कारण त्याच्या अंगावर जाड बुळबुळीत थर असतो, इक त्याला कमी लागतो, पण कल्ल्यातून आणू शकतो. मी टँक ट्रान्सफर केलं आणि प्रत्येक डब्यात जिवंत ब्राईन श्रिंप आणि बाटलीतले पॉड सोडले, कॉपर अजिबात नाही. त्यानंतर लगेच डिस्प्लेत नाही, दगड आणि पॉड भरपूर असलेल्या एका बिनमाशांच्या टाकीत काही आठवडे, तिथे पोट गोल झालं की मग पुढे. आणायच्या आधी दुकानातच त्याचं पोट वरून बघून घ्या, मणक्याच्या दोन्ही बाजू आत गेलेल्या असतील तर तो मासा घेऊच नका.