मदत हवी आहे: ग्लुकोमीटरने उसाच्या रसातली साखर मोजायची आहे

नमस्कार मंडळी. बीएस्सी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी उसाचा रस, लिंबू सरबत आणि कोल्ड्रिंकमधली साखर ग्लुकोमीटरच्या पट्टीवर मोजतेय. पट्टीवरचं ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम फक्त ग्लुकोजला ओळखतं आणि रसात मुख्यतः सुक्रोज (आपली नेहमीची साखर). त्यामुळे रस गोडमिट्ट, पण मीटरवरचा आकडा अगदीच किरकोळ!

म्हणून आधी इन्व्हर्टेज या एन्झाइमने (पीएच 4.5, 50 अंश) सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करायचं, मग फॉस्फेट बफरने (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) पीएच 7 च्या आसपास आणून 20 पट पातळ करायचं, असं ठरवलंय. मीटर 600 मिग्रॅ/डेलिपर्यंतच (1 डेलि म्हणजे 100 मिलि) वाचतो. 100 मिलित 10 ग्रॅम सुक्रोज धरलं तर फोडल्यावर साधारण 5,260 मिग्रॅ/डेलि ग्लुकोज होतं, म्हणजे पातळ केल्यावर 263. मुळातलं ग्लुकोज वेगळं मोजून वजा करेन.

अडलंय ते इथे. मीटरचा हिशोब रक्तासाठी, तांबड्या पेशी गृहीत धरून केलेला असतो. पातळ द्रावणात आकडा फुगतो म्हणे. त्याच बफरमध्ये ग्लुकोजची स्टँडर्ड्स (माहीत असलेल्या प्रमाणाची द्रावणं) करून (रात्रभर ठेवून, ग्लुकोजच्या अल्फा-बीटा या दोन रूपांचा समतोल झाल्यावर) आलेख काढला तर चालेल का? लिंबातलं क जीवनसत्त्वही पट्टीच्या इलेक्ट्रोडवर करंट देतं, ते कसं वजा करायचं?

आणि इन्व्हर्टेज महाग पडतंय. त्याऐवजी इन्व्हर्टेज असलेलं बेकरीचं यीस्ट वापरलं तर ते ग्लुकोजच खाऊन टाकेल ना? कुणी गाळून नुसता अर्क वापरलाय का? कॉलेजात एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) नाही, जुना पोलॅरिमीटर (साखरेच्या द्रावणात ध्रुवित प्रकाश किती वळतो ते मोजणारं उपकरण) तेवढा आहे.