झऱ्याला वाहिलेलं उकरून काढावं का?

पाणवठा (धागा सुरू करणारा):
इंग्लंडमधल्या बाथच्या झऱ्यातून आजही रोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर पाणी उसळतं, तेही ४६ अंशांचं. रोमन काळात ही सुलिस मिनर्व्हा देवीची जागा. भाविक वाहायचं ते थेट पाण्यात सोडत. १९७९-८० मध्ये पुरातत्त्वज्ञ बॅरी कनलिफ यांनी तिथे उत्खनन केलं. १२ हजारांवर नाणी निघाली आणि शिशाचे सुमारे १३० पातळ पत्रे, शाप कोरलेले. डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे चोरीला गेले होते. चोराची मती आणि डोळे जावोत, असं त्याने देवीला लिहून दिलंय.
हे वाचल्यापासून मला चैन नाही. असे पत्रे गुंडाळून, घडी घालून पाण्यात टाकत. ते देवीशी बोलणं होतं, आपल्याशी नव्हे. जे वाहिलं ते पाण्याचं झालं, तिथेच राहू द्यावं.

कातळ:
साफ असहमत. सम्राटांचे आणि सेनापतींचे शिलालेख ढिगाने आहेत. हातमोजे गेले म्हणून कळवळणारा साधा माणूस आपल्याला भेटतो तो अशाच पत्र्यावर. काही पत्र्यांवर अक्षरं मुद्दाम उलट्या क्रमाने लिहिली आहेत, काहींवर संशयितांची नावंच आहेत. शिवाय त्यांवरची लॅटिन भाषा ग्रंथांतली नाही, बोलण्यातली आहे. हे सगळं गाळात सडू द्यायचं?

उंबर:
पण सडत नव्हतं ना! फ्रान्समध्ये सीन नदीच्या उगमापाशी १९६३ मध्ये ओकच्या लाकडाचे कोरीव हात, पाय, डोकी मिळाली. जवळजवळ दोन हजार वर्षं टिकली, कारण ओल्या चिखलात ऑक्सिजन पोचत नाही. असं लाकूड बाहेर काढून नुसतं वाळू दिलं तर आक्रसतं, पिळवटतं, भेगाळतं. मग मेणासारखं रसायन महिनोन् महिने मुरवत बसावं लागतं. ती सोय हाताशी नसेल तर फावडं लावूच नये.
घाईचं उदाहरणही आहे. उत्तर इंग्लंडमधल्या रोमनकालीन हेड्रियनच्या भिंतीजवळचा कोव्हेंटिना देवीचा झरा १८७६ मध्ये उकरला. १३ हजारांवर नाणी निघाली, पण बातमी फुटताच हजारो नाणी बघ्यांनी पळवली.

कातळ:
लाकडाचं मान्य. पण तुमचा सगळा युक्तिवाद पाणी कायम राहील या भरवशावर उभा आहे. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळाजवळ, ब्लिक मीडला झऱ्याकाठी मध्याश्मयुगीन, म्हणजे शेतीपूर्व काळातल्या शिकारी लोकांची दगडी हत्यारं आणि जनावरांची हाडं सापडली आहेत. शेजारून रस्त्याचा बोगदा न्यायचं ठरत होतं तेव्हा तिथल्या संशोधकांची धास्ती हीच होती, भूजल उतरलं तर ओलाव्याने जपलेलं सगळं जमिनीतच नासेल. तेव्हाही तुम्ही ‘राहू द्या’ म्हणणार?

पाणवठा:
नाही म्हणणार. पाणी आटत असेल तर काढा, तेवढं मी मागे घेतो. उंबर यांची सोयीची अट मात्र हवीच.
पण बाथचं पाणी आटत नव्हतं. नाणी मोजा, त्यावरून काळ ठरवा, माझी हरकत नाही. नाण्यावरचा मजकूर चारचौघांसाठीच असतो. पत्र्याचं तसं नाही. गुंडाळी करून बुडवलेलं गाऱ्हाणं उलगडून काचेमागे मांडायचा हक्क आपल्याला कुठून आला? कातळ, तुम्ही त्यातून काय कळलं ते सांगितलंत. या प्रश्नाला अजून हात घातलेला नाही.