चार कार्ड रीडर लावले तरी वेग एकाचाच – शनिवारच्या आत मार्ग काढायला हवा

नाना (मिसिसागा), सोमवार, रात्री ११.२०

मंडळी,
शनिवारच्या दिवाळी कार्यक्रमाला पाच दिवस उरलेत, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. गणपतीच्या रात्रीचं पुन्हा व्हायला नको. दहाला हॉल रिकामा करून दिला, तेव्हा कॅमेऱ्यांच्या चार कार्डांपैकी दीडच डिस्कवर उतरलं होतं. उरलेली कार्डं ज्याची त्याला द्यायची म्हणून लॅपटॉप गाडीच्या बॉनेटवर ठेवून एकेक कॉपी करत बसलो. शेवटचं कार्ड निघालं तेव्हा पावणेदोन वाजले होते. आता नोव्हेंबर आहे, पार्किंगमध्ये तसं उभं राहता येणार नाही.

म्हणून या वेळी चार रीडर आणले. चारही एका हबात (एका पोर्टवर अनेक जोडण्या देणारं उपकरण) लावले आणि आज घरी चार कार्डं एकदम कॉपीला टाकून बघितली. प्रत्येकावर सेकंदाला आठ-नऊ एमबी! तीन काढून एकच ठेवला तर ३४. म्हणजे बेरीज केली तर तेवढीच. चार रीडर घेऊन मिळवलं काय? कुणी हे आधी केलं असेल तर कृपया आजच्या आज लिहा.

— नाना

खजिनदार, मंगळवार, सकाळी ७.०५

नाना, चार रीडर आणि हब कोणत्या खात्यात टाकायचे? दिवाळीच्या अंदाजपत्रकात 'चित्रीकरण' या शीर्षकाखाली फक्त बॅटऱ्या आहेत. पावत्या पाठवा. आक्षेप नाही, पण जानेवारीत सभेसमोर मला उभं राहायचं असतं.

बापू (ओकव्हिल), मंगळवार, सकाळी ८.४०

नाना, नमस्कार.
३४ हा आकडा वाचल्यावर रीडरकडे बघायची गरजच उरत नाही. यूएसबी २.० ही जोडणीची जुनी पद्धत, कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट म्हणजे ६० एमबी, पण प्रत्यक्षात हातात पडतात ३० ते ४०. तुमची चारही कार्डं मिळून त्या एका वाटेने चालली आहेत. नव्या यूएसबी ३ चा वेग ५ गिगाबिट, त्यातून खरे ४०० च्या आसपास एमबी निघतात. म्हणजे कुठेतरी एक दुवा २.० चा आहे आणि त्याने पुढच्या सगळ्यांना खाली ओढलंय.

हब लॅपटॉपला कोणत्या केबलने जोडलाय ते सांगा. दोन्ही टोकांना टाइप-सी प्लग असलेली, मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली केबल असेल तर तिथेच घोटाळा आहे. त्यातल्या बऱ्याच केबलींत वेगवान डेटाच्या तारा नसतातच. दिसायला फरक शून्य, चार्जिंगही उत्तम, पण डेटा २.० च्या वेगाने. हबाबरोबर डब्यात आलेली केबल शोधा.

आणि जुन्या चौकोनी प्लगची असेल तर आतला प्लॅस्टिकचा तुकडा निळा आहे का बघा. प्लग अगदी हळू सारला तर मागच्या पाच पिना लागण्याआधीच लॅपटॉप त्याला २.० समजून बसतो. एका झटक्यात लावा.

— बापू

अप्पा (स्कारबरो), मंगळवार, दुपारी १२.१५

इतकी यातायात करण्यापेक्षा फोर-के, म्हणजे हे जास्त बारकाव्याचं चित्रीकरण, सोडा. ताशी ४५ जीबी एका कॅमेऱ्याचे, तीन तासांचा कार्यक्रम, चार कॅमेरे, म्हणजे ५४० जीबी झाले. कमी बारकाव्याच्या १०८० मध्ये घ्या, एक तृतीयांशात भागेल. आपण हे शेवटी फोनवर बघणार. १९९८ साली आम्ही कोजागिरी एका कॅमेऱ्यावर, एका कॅसेटवर घेतली आणि ती आजही बघतो.

माई (सांस्कृतिक समिती), मंगळवार, दुपारी १.५०

अप्पा, फोर-के मीच मागितलं होतं, कारण सांगते. स्टेजवर एका वेळी २२ मुलं असतात. मागच्या रांगेतल्या मुलाचं तोंड त्याच्या आजीला बघायचं असतं, आणि फोर-केमधून कापून मोठं केलं तरी ते स्वच्छ दिसतं. १०८० मधून कापलं की चेहऱ्याच्या जागी नुसता डाग उरतो. सांगलीहून, नाशिकहून मला फोन येतात ते "आमचा कुठे उभा होता?" एवढं विचारायलाच. कॅमेरे फोर-केच राहतील.

पण कॉपी होण्याइतकंच ती नीट झाली का हे बघणंही महत्त्वाचं आहे. गेल्या वर्षीच्या पोवाड्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

वहिनी (ब्रॅम्प्टन), मंगळवार, दुपारी ३.३०

माई, तुम्ही विषय काढलात म्हणून लिहिते. पोवाड्याचा दुसरा अर्धा भाग माझ्या लेकीचा होता. तीन महिने तिने डफ वाजवायला शिकून घेतलं. फाइल डिस्कवर दिसत होती, नाव बरोबर, पण सात मिनिटांनंतर उघडतच नव्हती. कार्ड मात्र तोपर्यंत फॉरमॅट करून दुसऱ्या दिवशीच्या वाढदिवसाला गेलं होतं. माझे सासरे साताऱ्याला अजून विचारतात.

मला वेगाशी घेणं नाही. पाच मिनिटांत करा किंवा पाच तासांत, कार्ड मालकाच्या हातात देण्याआधी कॉपी तपासा. फाइल 'दिसते' म्हणजे ती 'आहे' असं नसतं.

नाना, मंगळवार, रात्री १०.५५

बापू, पायाला हात लावतो! केबल फोनचीच होती. डब्यातली आखूड काळी केबल लावली आणि एकट्या रीडरचा आकडा ३४ वरून ८८ वर गेला.

पण पुढे जे झालं ते मला कळलेलं नाही. चार कार्डांवर प्रत्येकी ३२ जीबी ठेवून मोजलं. एकामागून एक: २४ मिनिटं. चारही एकदम: ३९ मिनिटं. एकदम केल्यावर जास्त वेळ! डिस्क आपली मंडळाचीच, २०१७ मध्ये घेतलेली निळी. कानाला लावली तर आतून सतत कर्रकर्र आवाज येतोय, एक कार्ड चालू असताना येत नाही.

वहिनी, तुमचा मेल दोनदा वाचला. त्या रात्री कार्ड मीच परत दिलं होतं. या वेळी तपासल्याशिवाय एकही कार्ड टेबलावरून उठणार नाही.

अप्पा, मंगळवार, रात्री ११.१०

दोन लॅपटॉप, दोन डिस्का. माझा लॅपटॉप आणतो. पुढच्या बाजूला कार्डाची खाच आहे.

बापू, बुधवार, सकाळी ६.३०

नाना, तो कर्रकर्र आवाज हेच उत्तर आहे. ती फिरती डिस्क आहे. एकच फाइल सलग लिहायची असेल तर ती १०० ते १२० एमबीने लिहिते. चार फाइली एकदम आल्या की तिची सुई चार ठिकाणी पळते, आणि लिहिण्यापेक्षा पळण्यातच वेळ जातो. अशा डिस्कवर एकामागून एक हाच जलद मार्ग. चार रीडरचा फायदा हवा असेल तर समोर एसएसडी म्हणजे न फिरणारी डिस्क पाहिजे, तिथे सुई नसते. माझ्याकडे एक टीबीची आहे, अर्ध्याहून जास्त रिकामी होती, आज सगळीच रिकामी करून ठेवतो.

८८ च्या वर जायचा हट्ट धरू नका. कार्डावर १७०, २०० असं छापलेलं असतं, पण या प्रकारच्या कार्डांची ठरलेली मर्यादा १०४ एमबी आहे. त्यावरचा वेग त्या त्या कंपनीच्या खास रीडरमध्येच मिळतो. खरोखर वेगवान कार्डं ओळखायची खूण म्हणजे पाठीमागे पिनांची दुसरी ओळ, आणि तशी आपल्याकडे एकही नाही. व्ही-३० हा शिक्का कॅमेऱ्याने लिहिण्याच्या किमान वेगाचा, कॉपीशी त्याचा संबंध नाही.

अप्पा, लॅपटॉपची खाच आतून बऱ्याचदा २.० लाच जोडलेली असते. वापरण्याआधी मोजून बघा.

ध्वनी विभाग, बुधवार, सकाळी ९.४५

माझे दोन मुद्दे आहेत, आणि दोन्ही मान्य झाल्याशिवाय मी मिक्सरचं टेबल वाटून देणार नाही.

एक. हे रीडर आणि हब माझ्या टेबलावर नकोत. गणपतीला निवेदिकेचा माइक पंधरा-पंधरा सेकंदांनी तुटत होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. रिसीव्हरपासून वीतभर अंतरावर नानांची डिस्क यूएसबी ३ ने चालू होती. यूएसबी ३ ची गोंगाटलहर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरते, इंटेलने २०१२ मध्येच त्यावर निबंध काढलाय. आपले माइक त्याच पट्ट्यात चालतात. डिस्क लांब नेल्यावर माइक सुधारला, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

दोन. रेकॉर्डरचं कार्ड सगळ्यात आधी उतरवा. तीन तासांचा आवाज तीन जीबीसुद्धा होत नाही, एका मिनिटात काम संपतं. गणपतीला ते रांगेत शेवटी होतं.

माई, बुधवार, सकाळी १०.२०

दोन्ही मान्य. कॉपीचं टेबल ग्रीनरूमकडच्या दाराशी लागेल. तिथे फराळाचे डबे ठेवायचे होते, ते मी स्वयंपाकघरात हलवते. चकलीचे तेलकट हात आणि कार्डं एका टेबलावर नकोत.

खजिनदार, बुधवार, सकाळी ११.००

बापूंची एसएसडी त्यांच्या खाजगी मालकीची. मंडळाचं फुटेज कुणाच्या घरच्या डिस्कवर राहू नये असा २०१९ चा ठराव आहे. तात्पुरती वापरा, सोमवारपर्यंत निळ्या डिस्कवर उतरवा आणि मला कळवा. मंडळाची स्वतःची एसएसडी घ्यायची तर जानेवारीच्या सभेत मांडा, मी अनुमोदन देईन.

नाना, बुधवार, रात्री ११.३५

बापूंकडे जाऊन आलो. तीच चार कार्डं, तेच ३२-३२ जीबी, हब डब्यातल्या केबलीने, समोर एसएसडी. साडेसहा मिनिटं! प्रत्येक रीडरवर ८२-८३ चा आकडा स्थिर होता. काल रात्री ३९ मिनिटं लागलेलं काम आज चहा गाळून होईपर्यंत संपलं. काकूंनी कप हातात दिला आणि मी पडद्याकडेच बघत होतो.

एक रीडर मध्येच गायब होऊन परत येत होता. लॅपटॉपच्या एका पोर्टवर चौघांचं ओझं पेलत नव्हतं. हबाला त्याचा स्वतःचा पॉवर ॲडॅप्टर लावल्यावर थांबलं. तो ॲडॅप्टर आणि एक्स्टेन्शन बोर्ड मी आणतोय.

शनिवारी एका कार्डावर १३५ जीबी गृहीत धरले तर २७-२८ मिनिटं कॉपीला. तपासणीत प्रत्येक कॉपी पुन्हा पूर्ण वाचून तिचा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) कार्डावरच्या फाइलच्या चेकसमशी जुळवायचा, म्हणजे आणखी जवळजवळ तेवढाच वेळ. साधी ड्रॅग करून टाकलेली कॉपी हे करत नाही, म्हणून टेराकॉपी हा कॉपीचा प्रोग्रॅम वापरणार आहे, त्यात व्हेरिफाय म्हणजे तपासणी चालू ठेवतो. हे शेवटच्या पडद्यानंतर सुरू केलं तर दहाच्या आत अगदी जेमतेम बसतं, जरा काही अडलं की संपलं. म्हणून मध्यंतरात कॅमेऱ्यांतली कार्डं बदलायची, पहिल्या भागाची कार्डं तेव्हाच टेबलावर यायची. दुसरा भाग सव्वा तासाचा आहे, त्यात पहिला भाग तपासणीसकट उरकतो. दुसऱ्या भागाचा माल निम्माच, त्यामुळे नऊला पडदा पडला तर पावणेदहाला वहिनींना "जुळलं" म्हणून सांगता येईल.

कॅमेरेवाल्यांना विनंती: कार्ड बाहेर काढलं की त्याच्या कडेची छोटी पट्टी लगेच 'लॉक'वर सरकवा. मग ते चुकून फॉरमॅट होत नाही. मायक्रो कार्डाला ती सोय नसते, ती थेट माझ्या हातात द्या. आणि प्रत्येक कार्डावर नावाची चिकटपट्टी लावून आणा, गणपतीला दोन कार्डं एकसारखी निघाली होती.

— नाना

वहिनी, गुरुवार, सकाळी ७.१५

चेकसम जुळताना मी टेबलाशी उभी राहीन. लेकीचा डफ या वेळी दुसऱ्या भागात आहे.

बापू, गुरुवार, सकाळी ७.४०

नाना, कार्डावर चिकटपट्टी नको. रीडरमध्ये कोपरा सुटून आतच अडकते, मग कार्ड ओढून काढावं लागतं. कार्डाच्या डबीवर नाव लिहा आणि कार्डावर बारीक मार्करने फक्त आकडा: १, २, ३, ४. मार्कर मी आणतो.