बोलणं तोडणं हे शस्त्र आहे का? महासत्तांच्या हॉटलाइनविषयी

लंबक:
४ फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकेने दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ चीनचा तो प्रचंड टेहळणी फुगा पाडला. लगेच अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी चीनच्या संरक्षणमंत्र्यांशी फोनवर बोलायची विनंती केली. चीनने नकार दिला. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्ष नॅन्सी पेलोसी, चीन आपलं मानतो त्या तैवानला जाऊन आल्या, तेव्हाच चीनने दोन्ही सैन्यांमधल्या ठरलेल्या बैठका रद्द केल्या होत्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये बायडेन आणि शी जिनपिंग कॅलिफोर्नियात भेटले, तेव्हा कुठे ही बोलणी परत सुरू करायचं ठरलं. म्हणजे सव्वा वर्ष, जगातली दोन सगळ्यात बलाढ्य सैन्यं एकमेकांशी जवळपास अबोला धरून होती.

माझं मत सरळ आहे. राजदूत परत बोलवा, आयात कर लावा, बंदी घाला, पण सैन्यांमधलं बोलणं तोडू नका. ती मेहेरबानी नव्हे, तो वेळ मिळवण्याचा मार्ग आहे.

१९६२ च्या ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत संघाने क्युबात ठेवलेल्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या कडेला उभं होतं, तेव्हा निरोप कसे जात होते ते पाहा. वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रीनिन यांनी आठवणींत लिहिलं आहे की मॉस्कोला सांकेतिक तार करायची तर तार कंपनीला फोन लावायचा, मग एक तरुण सायकलवरून यायचा आणि कागद घेऊन जायचा. तो वाटेत कुणाशी गप्पा मारत थांबू नये, एवढीच प्रार्थना यांच्या हाती! २६ ऑक्टोबरला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचं लांबलचक पत्र मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीत आलं, ते वॉशिंग्टनला पूर्ण पोचून हाती यायला जवळजवळ बारा तास लागले. त्याचं उत्तर तयार होईपर्यंत दुसरं, जास्त कडक पत्र येऊन थडकलं. शेवटी २८ तारखेला ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं काढून घेण्याचा निर्णय सरळ रेडिओ मॉस्कोवरून वाचायला लावला, कारण नेहमीच्या मार्गाने तो वेळेत पोचेल याची खात्री नव्हती.

जून १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संपर्काचा, म्हणजे हॉटलाइनचा करार झाला तो या अनुभवातून. सिनेमात दिसतो तसा लाल फोन मात्र तिथे कधीच नव्हता. टेलिप्रिंटर होते, आणि तेही विचारपूर्वक: बोललेला शब्द चुकीचा ऐकू येतो, रागाच्या भरात निघून जातो, लिहिलेल्या शब्दाचं भाषांतर शांतपणे करता येतं. तुम्हाला काय वाटतं?

उत्खनन:
अजिबात सहमत नाही. बोलण्यावरचा हा विश्वास भाबडा आहे. पहिलं महायुद्ध पेटलं ते १९१४ आठवा. जर्मनीचा कैसर विल्हेल्म आणि रशियाचा झार निकोलस नात्यातले. २९ जुलै ते १ ऑगस्ट दरम्यान दोघांत तारांची देवाणघेवाण झाली, इंग्रजीतून, खाली सह्या ‘विली’ आणि ‘निकी’. घरगुती जिव्हाळा होता, थेट संपर्क होता, आणि १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर १२ फेब्रुवारी २०२२ ला बायडेन आणि पुतिन तासाभराहून जास्त फोनवर बोलले. २४ ला रणगाडे युक्रेनमध्ये घुसले. ज्याने ठरवलंय, त्याला फोन थांबवत नाही. उलट त्या काळात बाकीचं जग ‘बोलणी चालू आहेत’ या समाधानात राहतं.

लंबक:
उत्खनन, १९१४ चं उदाहरण तुम्हीच दिलंत, म्हणून त्यातलंच सांगतो. २९ जुलैच्या रात्री सगळ्या रशियन सैन्याची युद्धासाठी जमवाजमव करण्याच्या आज्ञा निघण्याच्या बेतात असताना झारने त्या रोखल्या. का? कैसरची तार आली म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह यांनी त्याचं मन वळवलं आणि जमवाजमव सुरू झाली. म्हणजे एका तारेने जवळजवळ एक दिवस मिळवून दिला. त्या दिवसात कुणी काही केलं नाही, हा दोष तारेचा नाही.

२०२२ बद्दल तुमचं बरोबर आहे. ठरवून केलेलं आक्रमण फोनने टळत नाही. मी बोलतोय ते न ठरवता पेटणाऱ्या युद्धाबद्दल.

ओंजळ:
मला इथे चीनची बाजू मांडावीशी वाटते, कारण ती सहसा कुणी मांडत नाही. अमेरिकेची टेहळणी विमानं आणि युद्धनौका चीनच्या किनाऱ्याजवळ येतात. चीनच्या युद्धनौका कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागून रोज गस्त घालत नाहीत. आता अमेरिका म्हणते, ‘चला, अपघात टाळायचे नियम ठरवू, फोन चालू ठेवू.’ चीनचे अभ्यासक यावर म्हणतात की बेफाम गाडी हाकणाऱ्याला सीटबेल्ट दिला तर तो आणखी वेगात हाकेल. धोका जाणवला तरच समोरचा लांब राहील. हा विचार आपल्याला आवडो न आवडो, तो मूर्खपणाचा नाही. ज्याच्या अंगणात रोज कुणीतरी येतंय, तो ‘सुरक्षितपणे कसं यायचं’ यावर चर्चा का करेल? दुबळ्या बाजूकडे असलेलं एकच हत्यार म्हणजे अनिश्चितता, आणि लंबक तेच खाली ठेवायला सांगत आहेत.

दर्यावर्दी:
ओंजळ, मुद्दा दमदार आहे, पण तो एकदा प्रत्यक्षात तपासला गेलाय. १ एप्रिल २००१ ला दक्षिण चीन समुद्रावर अमेरिकेचं ईपी-३ टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक वांग वेई मरण पावला. मोडलेलं अमेरिकी विमान हैनान बेटावर परवानगीविना उतरलं, आतले २४ जण ताब्यात. मग अकरा दिवस दोन्ही देश एका शब्दावर अडून बसले. चीनला माफी हवी होती, अमेरिकेला ती मागायची नव्हती. शेवटच्या पत्रात अमेरिकेने दोनदा ‘व्हेरी सॉरी’ लिहिलं: एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल, एकदा परवानगी न घेता उतरल्याबद्दल. चीनने आपल्या लोकांना ते माफी म्हणून सांगितलं, अमेरिकेने आपल्या लोकांना सांगितलं की ही माफी नाही. विमान जुलैमध्ये सुटे भाग करून रशियन कंपनीच्या मालवाहू विमानातून परत गेलं.

ती टक्कर काय सांगते? धोका वाढला म्हणून अमेरिका लांब राहिली नाही. टेहळणी मे महिन्यात परत सुरू झाली. मेला तो एक तरुण वैमानिक. अनिश्चिततेची किंमत राजधानीत बसलेले मोजत नाहीत. मी स्वतः व्यापारी जहाजावर वर्षं काढली आहेत. समोरून येणारं जहाज रेडिओला उत्तर देत नाही तेव्हा ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या कक्षात, उभ्या माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे. काळोखात दोन दिवे दिसतात, त्यांचं अंतर मोजत राहायचं आणि चॅनल सोळावर पुन्हा पुन्हा हाक मारायची. तिथे कुणी ‘न बोलण्याचे फायदे’ सांगितले तर ते मला पटणार नाहीत.

उत्खनन:
दर्यावर्दी, तुमचा अनुभव मानतो. पण जहाजं एकमेकांना बुडवायला निघालेली नसतात.

मूळ मुद्द्याकडे येतो. क्युबाचं संकट हॉटलाइनने सुटलं नाही, ती तेव्हा नव्हतीच! ते सुटलं सौद्याने. २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी दोब्रीनिन यांना भेटले आणि तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काही महिन्यांत निघतील असं गुपचूप सांगितलं. पुढच्या एप्रिलपर्यंत ती निघालीही. देण्यासारखं काही असेल तर सायकलवरचा पोऱ्याही पुरतो. नसेल तर उपग्रहावरून बोलूनही उपयोग नाही.

आणि आज देण्याघेण्याचंच संपत आलंय. क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा १९७२ चा करार अमेरिकेने २००२ मध्ये सोडला. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरचा १९८७ चा करार २०१९ मध्ये गेला. अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या न्यू स्टार्ट कराराने दोन्ही बाजूंना प्रत्येकी १,५५० तैनात अण्वस्त्रांची मर्यादा घातली होती. पुतिन यांनी २०२३ मध्ये त्यातला सहभाग थांबवला आणि ५ फेब्रुवारी २०२६ ही त्याची मुदतीची शेवटची तारीख. मर्यादा गेल्या, तपासणी गेली. उरला फोन. तुम्ही त्याच्यावर इतका भार टाकताय की तो मोडेल.

लंबक:
सौद्याचा मुद्दा मान्य, आणि मी तो सुरुवातीला लिहायला हवा होता. पण केनेडी आणि दोब्रीनिन त्या संध्याकाळी भेटू शकले, कारण त्या मार्गाने आधीपासून येणंजाणं होतं. ओळख संकटाच्या दिवशी करून घेता येत नाही.

फोनवर खोटं बोललं जातं हे सुद्धा मान्य. ७ फेब्रुवारी २०१८ ला सीरियात, खशामजवळ, अमेरिकी सैनिक असलेल्या ठाण्यावर हल्ला झाला. हल्लेखोरांत रशियाचे भाडोत्री सैनिक होते. अमेरिकी अधिकाऱ्यांनी ठरलेल्या लाइनवरून रशियनांना विचारलं. उत्तर आलं, ती आमची माणसं नाहीत. मग अमेरिकेने विमानं आणि तोफा लावून तो हल्ला मोडून काढला. त्या उत्तरामुळेच रशियन सैन्याला मध्ये पडावं लागलं नाही. खोटं होतं, पण त्याने दोन अण्वस्त्रधारी सैन्यांना आमनेसामने येऊ दिलं नाही.

करार गेले तरी सगळं गेलं नाही. न्यू स्टार्टमधला सहभाग थांबवताना रशियाने सांगितलं होतं की लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं सोडण्याआधी कळवण्याचा १९८८ चा करार आम्ही पाळत राहू. २१ नोव्हेंबर २०२४ ला रशियाने युक्रेनमधल्या द्निप्रो शहरावर ओरेश्निक हे नवं क्षेपणास्त्र सोडलं, तेव्हा दोन्ही देशांच्या अणुधोका कमी करणाऱ्या केंद्रांमार्फत अमेरिकेला आधी सूचना गेली. रशियाच्या म्हणण्यानुसार तीस मिनिटं आधी. असं क्षेपणास्त्र रडारवर दिसलं आणि पूर्वसूचना नसेल, तर पडद्यासमोर बसलेल्या माणसाने काय समजायचं?

ओंजळ:
लंबक, या उदाहरणावर मला तुमच्याशी वाद घालता येत नाही, आणि तरी ते वाचून बरंही वाटत नाही. सूचना वॉशिंग्टनला गेली. क्षेपणास्त्र द्निप्रोवर पडलं. दोन मोठ्यांनी एकमेकांशी बोलून ठरवलं की आपल्यात युद्ध नाही, एवढंच त्यातून कळतं. त्या तीस मिनिटांत द्निप्रोतल्या कुणाला तळघरात जायला सांगण्याची तरतूद १९८८ च्या करारात नाही. अशी तरतूद कुणी कधी मागितली आहे का, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.