मदत हवी आहे : कोरकू बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांना मराठी वाचनाकडे कसे न्यावे?

नमस्कार. मी मेळघाटातील एका जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवते. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे आमचे सुरुवातीचे आठवडे ऐन पावसात आणि शेतीच्या हंगामात येतात. बहुतेक मुलांच्या घरी कोरकू बोलली जाते. ही मुंडा कुळातील भाषा असल्याने तिची रचना मराठीहून फार वेगळी आहे, आणि अंगणात मोकळेपणाने बोलणारी मुले फळ्यासमोर गप्प होतात. सध्या मी चित्रगप्पा, कृतिगीते आणि ओळखीच्या वस्तूंची दोन्ही भाषांतील नावे यांवर भर दिला आहे. अक्षरांची घाई मला योग्य वाटत नाही, कारण अर्थ न कळता गिरवलेले अक्षर मुलांच्या काहीच कामाचे नसते. मात्र तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाची उद्दिष्टेही समोर आहेत.

बहुभाषिक वर्गात काम केलेल्या शिक्षकांनी कृपया सांगावे : तोंडी भाषेवर किती आठवडे द्यावेत, पहिला अक्षरगट कोणत्या शब्दांवरून निवडावा, आणि गावातील आजी-आजोबांनी वर्गात येऊन सांगितलेल्या कोरकू गोष्टींचा पुढे वाचनासाठी कसा उपयोग करून घ्यावा? कोरकू-मराठी चित्रशब्दकोश कोठे मिळत असल्यास तेही कळवावे.