महिन्याचा किराणा मोबाईलवरून की मोंढ्यातून? पैसा नेमका कुठं वाचतो, आकड्यानिशी बोला

हिशेबवही

मोबाईलवर किराणा मागवला की खर्च वाढतो, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, स्वस्त पडतं, असं आपल्याकडं सरसकट बोललं जातं. माझं मत उलटं आहे. पाकीटबंद मालात, म्हणजे साबण, टूथपेस्ट, चहापत्ती, शाम्पू, डायपर, फरशी पुसायचं औषध, यात फोन दुकानापेक्षा स्वस्त पडतो. फक्त ऑर्डर टाकायची पद्धत पाहिजे.

यादी आधी कागदावर करा, ॲप नंतर उघडा. उलटं केलं की यादी ॲपच करतं. मग नगाचा भाव सोडून ग्रॅमचा भाव बघा. पाकिटावर एमआरपीजवळ बारीक अक्षरात प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली दर छापलेला असतो, पण तो एमआरपीवरून काढलेला, सवलतीवरून नाही. त्यामुळं भागाकार आपणच करायचा. मोठं पाकीट स्वस्तच असतं हेही धरून चालू नका. समजा १ किलो चहा ५२० ला आहे आणि २५० ग्रॅमचं पाकीट ऑफरमध्ये ११९ ला. चार पाकिटं ४७६ ला पडली. किलोचा पुडा उचलणाऱ्यानं ४४ रुपये फुकट घातले.

पैसे द्यायच्या पानावर दोन मिनिटं थांबा. डिलिव्हरी, हँडलिंग, प्लॅटफॉर्म फी, त्यावर १८ टक्के जीएसटी, कॅश ऑन डिलिव्हरीचे वेगळे; खरा आकडा तिथं दिसतो. टिप, देणगी, विमा यांचे आधीच टिक केलेले चौकोन काढून टाका. ग्राहकाला न विचारता टोपलीत असं काही सरकवणं केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सरळ सरळ मना आहे. तरी चालूच आहे.

एवढं केलं तर फोन स्वस्त. कुणाला खोडायचं असेल तर खोडा.

मोंढ्याचा_काटा

खोडतो ना साहेब. साबण-पेस्टवर वाचवून वाचवून किती वाचवणार? घरच्या बिलात वजन असतं ज्वारी, गहू, डाळ आणि तेलाचं. तिथं तुमचा फोन मार खातो, आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं कारण कर. २५ किलोपर्यंतचं पाकीटबंद, लेबल लावलेलं धान्य आणि डाळ यावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे. मोंढ्यात काट्यावर सुटा मोजून घेतला तर शून्य. तांदळाचे २६ किलोचे, ३० किलोचे कट्टे बाजारात आले ते याच्यामुळंच.

दुसरं कारण मालाची ओळख. ॲपवर नुसतं 'ज्वारी' लिहिलेलं असतं. ती खरिपाची हायब्रीड आहे की रब्बीची मालदांडी, हे फोटोवरून देवालाही कळायचं नाही. भाकरीला शाळू, म्हणजे रब्बीचीच ज्वारी पाहिजे. ओंजळीत घेतली की दाणा मोत्यासारखा, टपोरा दिसतो. पावसात सापडलेली असेल तर टोकाला काळी पडलेली असते. तयार पिठाचं तर बोलूच नका. दळून महिना-दीड महिना झालेल्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडेनं चिरते, चव कडसर लागते. दहा रुपये वाचवून भाकरी मोडणार असेल तर काय कामाचं?

तिसरं कारण वाहतूक. ३० किलोचा कट्टा कुरिअरनं पाठवणं कुणालाच परवडत नाही. 'मोफत डिलिव्हरी' लिहिलेलं असलं तरी ते पैसे किलोमागं भावात घातलेलेच असतात.

सौ_कोठीघर

काटा भाऊ, ज्वारीचं पटलं. पण मोंढ्याचा भाव हा शेवटचा भाव नसतो, हेही सांगा की लोकांना.

चार माणसांच्या घरात महिन्याला १५ किलो ज्वारी धरली तर वर्षाची १८० किलो होते. ती भरायची मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे वर्षाचे पैसे एकदम अडकले. त्यावर हमाली आणि घरापर्यंतचा रिक्षा. चाळल्यावर क्विंटलमागं २ किलो मातेरं निघालं तर भाव तिथंच दोन टक्क्यांनी चढला. मग कडक ऊन. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. नुसता दबला तर अजून ओल आहे. गरम धान्य तसंच कोठीत भरलं की आत घाम धरतो आणि आषाढात सोंडे होतात. सावलीत थंड करून, कोठी कोरडी पुसून, कडुनिंबाचा वाळलेला पाला थराथरात घालायचा. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावायचा, किलोला चहाचा एक चमचा पुरतो.

हे सगळं करणारं माणूस घरात असेल तर मोंढा स्वस्त. नवरा-बायको दोघं नोकरीला आणि घर तिसऱ्या मजल्यावर असेल, तर १८० किलोतली २० किलो किड्यांनी खाल्ली की सगळी बचत गेली. त्यांनी १० किलोची पाकिटं मागवावीत, बिनधास्त. बायकांच्या कष्टाचा भाव धरायचा नसेल तर काहीही स्वस्तच दिसतं.

तालुक्याचा_माणूस

तुम्ही संभाजीनगर, नांदेडचं बोलताय. दहा मिनिटांत दारात येणाऱ्या ॲपचा आमच्या पिनकोडला उपयोग नाही. गावचा पिनकोड टाकला की निम्मा माल 'उपलब्ध नाही', उरलेला पाच-सात दिवसांनी. पार्सल तालुक्याच्या हबवर येऊन पडतं, डिलिव्हरीवाला फोन करतो, "स्टँडवर या." जायचं भाडं कोण देणार? एक फोन उचलायचा राहिला की शेरा पडतो 'ग्राहक उपलब्ध नाही', आणि दोन-तीन प्रयत्नांनंतर माल परत.

गावाकडून मागवायचंच असेल तर तीन गोष्टी करा. पत्त्यात गल्ली नंबर लिहून काही होत नाही. मारुती मंदिर, झेडपी शाळा, पाण्याची टाकी अशी खूण लिहा आणि दुसरा चालू मोबाईल नंबर द्या. काच, तेल, द्रव साबण मागवू नका, हबवर पोती फेकतात तशी पार्सलं फेकतात. आणि चार घरांनी मिळून एक ऑर्डर टाका, म्हणजे मोफत डिलिव्हरीची मर्यादा गाठायला नको असलेलं काही उचलावं लागत नाही.

हिशेबवही

काटा साहेब, मालदांडीचं मान्य, ज्वारी फोटोवरून घेऊ नये. पण फोन म्हणजे फक्त ऑर्डर, हे तुम्ही परस्पर ठरवलं. मोंढ्यात जाणाऱ्यानंही आधी फोन बघावा असं मी म्हणतो.

कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन दर टाकलेले असतात. कमाल दर बघून हुरळू नका, सर्वसाधारण धरा. समजा लातूरला तुरीचा सर्वसाधारण दर क्विंटलला ७,२०० आहे. १०० किलो तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ पडते. ७२ धरली तर कच्च्या मालाचा खर्च किलोला १०० रुपये. मिलची मजुरी काही अंशी चुनी-भुश्श्यातून निघते. वर बारदाना, हमाली, मिलचा आणि दुकानदाराचा नफा. आता समोरच्यानं १२० सांगितले तर वाजवी आहे, १६० सांगितले तर "मालक, तूर काय भावानं चालू आहे?" एवढं विचारायचं. हे गणित फोनशिवाय ग्राहकाच्या हातात कधी होतं?

मोंढ्याचा_काटा

गणित बरोबर, वापर अर्धवट. डाळ डाळीसारखी नसते. फटका डाळ वेगळी, तुकडा मिसळलेली वेगळी, आणि बोरसुरी म्हणाल तर तिचं वाणच वेगळं. लातूर जिल्ह्यातल्या त्या डाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एकाच दिवशी एकाच पेठेत किलोला २५-३० रुपयांचा फरक सहज असतो. शिवाय तुमची ७,२०० ची तूर आजची, दुकानातली डाळ दोन महिन्यांपूर्वीच्या तुरीची. भाव उतरत असताना दुकानदार महाग दिसतो, चढत असताना स्वस्त. तेव्हा मात्र कुणी येऊन म्हणत नाही की मालक, तुम्ही कमी लावलेत.

रंग लावलेली डाळ ओळखायची तर चमकेवर जाऊ नका, पॉलिश मारलेली चमकतेच. मूठभर पाण्यात टाकून चोळा. पाणी लगेच पिवळं झालं तर डाळ तिथंच ठेवा.

डबा_पंधराचा

डाळीवर एवढं भांडताय आणि तेलावर कुणी काहीच नाही? सगळ्यात जास्त फसगत तिथं आहे, ॲपवर पण आणि दुकानात पण.

सोयाबीन असो की सूर्यफूल, १ लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅम तेल भरतं, १५ किलोच्या डब्यात १५ किलो. दोन्ही डबे लांबून सारखेच. समजा लिटरवाला २,२५० ला आणि किलोवाला २,४०० ला. लिटरवाला दीडशेनं स्वस्त वाटतो. भागाकार केला तर तो १६५ रुपये किलो पडतो आणि दुसरा १६०. म्हणजे महाग डबा स्वस्त म्हणून घरी येतो.

पाऊचचं तर विचारूच नका. ९१० ग्रॅमच्या शेजारी ८५० ग्रॅमचाही लावलेला असतो, सगळे त्याला 'एक लिटरची पुडी'च म्हणतात. ॲपवर फोटो मोठा करून मागची बाजू बघा, 'निव्वळ वजन' ग्रॅममध्ये वाचा, मग भाव लावा. तेलाचा भाव फक्त किलोनं बोलायचा. दुकानदारालाही तसंच विचारा, चिडला तर चिडू द्या.

पान्ना_पक्कड

किराण्यात दोघंही दहा-वीस रुपयांसाठी झटताय. ऑनलाइनची खरी कमाई सुट्या भागांत आहे.

कुकरची रिंग, मिक्सरचा कपलर, कुलरचा पंप, गॅसच्या शेगडीची बटणं. मेकॅनिक आला की भागापेक्षा येण्याचेच पैसे जास्त. फक्त माप चुकवू नका. कुकरची रिंग लिटरवर मागवू नका. झाकण आत बसणारं आहे की वरून बसणारं, कंपनी कोणती आणि मॉडेल कोणतं, तिन्ही जुळलं पाहिजे. नाहीतर रिंग बसते, पण वाफ कडेनं जाते आणि शिट्टीच होत नाही. मिक्सरच्या कपलरला बहुतेक उलटे आटे असतात. नेहमीच्या दिशेनं जोर लावला तर तो सुटायच्या ऐवजी आवळतो आणि रबराचे दात तुटतात. मशीन प्लगमधून काढून, खालून मोटरचा दांडा पकडून मग फिरवा.

कुलरचा पंप मागवताना वॅटसोबत तो किती फूट उंच पाणी चढवतो ते बघा. डेझर्ट कुलरला उंची कमी पडली की वरचं गवत कोरडं राहतं आणि एप्रिलमध्ये नुसता गरम वारा येतो. पंप मार्चच्या आधी घ्या, उन्हं तापली की भाव चढतात.

आणि पंखा. साधा ७५ वॅटचा, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० वॅटच्या आसपास. दिवसाला १२ तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागं १६ युनिट वाचतात. आपल्याकडं पंखा वर्षातले आठ-नऊ महिने फिरतो, तेव्हा पैसे फिटतात. पण तो ऑनलाइन घेण्याआधी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे का ते विचारा. यातलं सर्किट गल्लीतल्या मिस्त्रीकडं दुरुस्त होत नाही.

सौ_कोठीघर

पंखा-फ्रिज 'नो कॉस्ट ईएमआय'वर घेणाऱ्यांसाठी एक भर घालते. १२,००० ची वस्तू सहा हप्त्यांत, दोन-दोन हजारांनी. बँक १५ टक्क्यांनी व्याज लावते, ते होतं पाचशेच्या आसपास, आणि तेवढी सूट दुकान आधी देतं. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९० रुपये, आपल्याच माथी. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर करासह २३५. सव्वातीनशे रुपये गेले, नाव मात्र 'नो कॉस्ट'. रोख घेणाऱ्याला वेगळी सूट मिळत असेल तर तीही यात धरा.

सावध_परभणीकर

एवढा हिशेब करून एका फोनमध्ये सगळं जातं, म्हणून थोडक्यात. पैसे *मिळवायला* यूपीआय पिन कधीच लागत नाही. रिफंडसाठी कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, ॲपच्या आतला वापरा. व्हॉट्सॲपवर आलेली 'एपीके' फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल, उघडू नका. महागडी वस्तू असेल तर पार्सलवरचं लेबल दिसेल असा, न थांबवता उघडण्याचा व्हिडिओ काढा. पैसे गेलेच तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, तेही लगेच. जितका वेळ जाईल तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. खराब माल आणि परताव्याची टाळाटाळ यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. दोन्ही नंबर वेगळ्या कामाचे आहेत, लोक गल्लत करतात.

तालुक्याचा_माणूस

मधला रस्ता कुणी बोललंच नाही. ओळखीच्या किराणावाल्याला व्हॉट्सॲपवर यादी टाकायची. 'साखर, तेल, डाळ' असं मोघम नाही. वस्तू, ब्रँड, वजन लिहून पुढं दराची जागा मोकळी ठेवायची आणि "दर टाकून पाठवा" म्हणायचं. दोन दुकानांना एकच यादी. ज्याची बेरीज कमी, त्याच्याकडून. गावातल्या गावात माल घरपोच येतो, खराब निघाला तर संध्याकाळी बदलून मिळतो.

हिशेबवही

हे बेस्ट. फक्त एक जोडा: खात्यावर, उधारीवर घेत असाल तर दर मागायची सोयच राहत नाही. महिनाअखेरीला वहीत जो आकडा असतो तो द्यायचा. यूपीआयनं जागेवर पैसे देऊन "रोखीचा भाव काय?" विचारलं की दोन-तीन टक्के सुटतात.

मोंढ्याचा_काटा

आणि लग्नाच्या महिन्यात, किंवा सोयाबीनचे पैसे यायच्या आधी ऑगस्टमध्ये, तुमचं ॲप पन्नास हजारांचा माल वहीवर देणार का? उधारीला भाव असतो, तो किलोमागं दोन रुपयांत वसूल होतो. ते लुबाडणं नाही.

यादीचं म्हणाल तर पाठवा की, आम्ही दुकानदारही दर टाकून पाठवतो. पण दोन दुकानांची बेरीज करून साखर इथून, डाळ तिथून असं तोडून घेणाऱ्याला मालक एकदा-दोनदा दर देतो. नंतर त्याची यादी 'बघितली' अशी निळी खूण येते आणि उत्तर दुपारनंतर येतं. यादी तोडू नका, अख्खी एकाकडं द्या आणि दर घासून घ्या.